दाताला निडवा नाही!



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या दिवशीची गोष्ट. विषयपत्रिका संपली, आभार झाले, आणि मंडळी मांडवात जेवायला बसली. आमच्या शेजारी एक जुने सभासद होते. त्यांचे नाव आम्ही इथे देत नाही, त्यांना आबा म्हणू. आडसाली लागणीत एकरी ऐंशी टन ऊस काढणारा हा माणूस. पानात ज्वारीची भाकरी होती, वांग्याची भाजी होती, आमटी होती. आबांनी भाकरीचा चुरा करून तो आमटीत बुडवला आणि भिजेपर्यंत गप्प बसून राहिले. कांदा बाजूला सारला. शेंगदाण्याच्या चटणीला हात लावला नाही.

आम्ही सहज विचारले, “आबा, दात दुखतात काय?”

“दुखायला दात हायेत कुठं? सा ऱ्हायल्यात.”

“किडले होते का?”

“छे, छे! एकबी किडका न्हवता. पन्नाशीच्या आतच हलाय लागलं. मग काय, एकेक करून हातानंच काढून टाकलं. आमच्या घराण्यातच हाय ते. बाचं बी तसंच झालं.”

आबा हे हसत हसत बोलले. आम्हाला मात्र त्या जेवणाची चव लागली नाही. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो. इथे ती समोर बसून भाकरी भिजवत होती. पुढे बोलता बोलता कळले की आबांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे, पायाच्या अंगठ्याची जखम चार महिने भरली नव्हती, आणि तोंडात बोट घालून कोणी कधी पाहिले नव्हते. पाहावे असे आबांनाही कधी वाटले नाही.

त्या दिवसानंतर आम्ही दंतवैद्यांना भेटलो, प्रश्न विचारले, जे वाचायला मिळाले ते वाचले. आबांच्या बोलण्यात चार गोष्टी होत्या. दात किडले नव्हते, ते हलू लागले, हाताने काढले, आणि हे घराण्यातच आहे. या चारही गोष्टींचा नीट उलगडा होतो. तो आपल्या घराघरांत पोचावा म्हणून हा लेख.

हिरडी म्हणजे दाताची भरणी

उसाची मोठी बांधणी आपण कशासाठी करतो? बुडख्याला माती लागावी, मुळ्या धरून राहाव्यात आणि वाऱ्यापावसात ऊस लोळू नये म्हणून. भरणी वाहून गेली तर वरून ऊस कितीही हिरवागार दिसो, एका वादळात तो आडवा होतो. दाताचे नेमके असेच आहे. आपल्याला दिसतो तो दाताचा शेंडा. खाली त्याचे मूळ जबड्याच्या हाडात रोवलेले असते, मूळ आणि हाड यांना बारीक तंतूंनी बांधलेले असते, आणि वरून हिरडीने घट्ट गळपट्टा घातलेला असतो. दात किडणे हा दाताचा रोग. दात हलणे हा बहुतेक वेळा या भरणीचा रोग. आबांचे दात किडले नव्हते हे खरेच होते. ऊस निरोगी होता, खालची माती गेली.

ही माती जाते कशी? जेवणानंतर दातांवर एक पातळ, चिकट थर बसतो. तो नुसता अन्नाचा नसतो, जिवंत जंतूंचा असतो. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे एक कापडाचे व्यापारी, अँतोनी व्हान लेव्हेनहूक, यांनी स्वतः घासलेल्या भिंगातून आपल्याच दातांवरचा पांढरा लगदा पाहिला. त्यात वळवळणारे बारीक जीव त्यांना दिसले, आणि १६८३ साली त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे पत्र लिहिले. जंतू माणसाने पहिल्यांदा पाहिले त्यांतले काही असे स्वतःच्या तोंडातले होते.

हा थर हिरडीच्या कडेला साचून राहिला की हिरडी सुजते, लाल होते, घासताना रक्त येते. दुखत मात्र नाही, आणि इथेच माणूस फसतो. पुढे सूज खाली उतरते. दात आणि हिरडी यांच्यामध्ये फट पडते, फटीत घाण साचते, पू होतो, तंतू तुटतात, हाड झिजते. झिजलेले हाड आपोआप परत भरत नाही.

इव्हॅपोरेटरचे स्केल आणि दातावरचे किटण

हंगामात कारखाना मध्येच साफसफाईसाठी थांबतो, तेव्हा कित्येक सभासद नाराज होतात. ऊस वाळतोय आणि कारखाना बंद का? कारण रस आटवता आटवता इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना आतून क्षारांचा कठीण थर धरतो. त्याला आपले कामगार स्केल म्हणतात. नुसत्या पाण्याने ते जात नाही, खरवडावेच लागते. नाही खरवडले तर वाफ वाया जाते आणि रस नीट आटत नाही.

दातावरचा मऊ थर तसाच राहिला तर लाळेतल्या क्षारांमुळे त्याचेही असेच दगडासारखे किटण होते. ब्रशने ते निघत नाही. दंतवैद्याने हत्याराने किंवा यंत्राने ते काढावे लागते, आणि त्या कामाचे नावसुद्धा स्केलिंग असेच आहे.

याबद्दल गावोगाव एक समजूत आहे की दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात. आम्हालाही ती खरी वाटत होती. वस्तुस्थिती अशी की हाड आधीच झिजलेले असते आणि किटणाचा दगड दातांना एकमेकांशी चिकटवून धरतो. तो निघाला की सूज उतरते, फटी दिसतात, आणि आधीपासून असलेला हलकेपणा जाणवतो. सफाईने दात हलवला नाही. तो किती हलत होता हे उघडे पाडले.

बारा माणसे आणि तीन आठवडे

घाणीमुळेच हिरडी सुजते हे सिद्ध कसे झाले? १९६५ साली डेन्मार्कमध्ये डॉ. हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा माणसांनी दात घासणे पूर्ण बंद केले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांनी पुन्हा नीट दात घासायला सुरुवात केली आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. रोग तीन आठवड्यांत येतो आणि वेळेत जागे झाले तर आठवड्यात जातो. इतका स्वस्त उपाय आपल्या शेतीतल्या कुठल्याही रोगावर नाही.

चहाच्या मळ्यातली पंधरा वर्षे

याच डॉ. लो यांनी दुसरे एक मोठे काम केले, आणि ते आपल्याला अधिक जवळचे आहे. १९७० साली त्यांनी श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत काम करणारे ४८० मजूर तपासायला घेतले. तेव्हा त्या देशाचे नाव सिलोन होते. या मजुरांनी दात असे कधी नीट घासलेच नव्हते आणि दंतवैद्य पाहिलाच नव्हता. त्यांच्या दातांना कीडही जवळपास नव्हती. १९८५ पर्यंत त्यांची पुन्हा पुन्हा तपासणी झाली आणि १९८६ साली निष्कर्ष छापून आले.

सगळ्यांच्याच तोंडात घाण आणि सूज होती, पण सगळ्यांचे नुकसान सारखे झाले नाही. शंभरातल्या आठ जणांची भरणी झपाट्याने वाहून गेली, एक्क्याऐंशी जणांची सावकाश गेली, आणि अकरा जणांची हिरडी सुजण्यापलीकडे काही झाले नाही. पस्तिशीला पहिल्या गटात दाताचा आधार सरासरी सुमारे ९ मिलिमीटर सुटला होता, दुसऱ्या गटात सुमारे ४, आणि तिसऱ्यात १ मिलिमीटरहूनही कमी.

यातून आबांच्या दोन गोष्टी उलगडतात. एक, कीड नसतानाही सगळे दात जाऊ शकतात. दुसरी, ‘घराण्यातच आहे’ हे अगदी खोटे नाही. एकाच रोगाला एक वाण लवकर बळी पडतो, दुसरा तग धरतो, तसेच माणसांचेही असते. पण वाण नाजूक आहे म्हणून आपण शेत सोडून देत नाही, उलट त्याची राखण जास्त करतो. ज्यांच्या वडिलांचे दात लवकर गेले त्यांनी ‘आमचेही जाणारच’ म्हणून बसू नये. त्यांनीच सर्वात आधी दाखवून यावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे हिरड्यांचा गंभीर आजार जगात शंभर कोटींहून अधिक लोकांना आहे. तेव्हा हे एकट्या आबांचे दुखणे नव्हे.

तोंडातले दुखणे अंगात कसे उतरते?

तोंड म्हणजे शरीराचे हेड रेग्युलेटर. चारीच्या तोंडाशीच घाण अडकली तर टेलच्या शेतकऱ्याला काय मिळणार? सुजलेल्या हिरडीच्या आतल्या बाजूला उघडी जखमच असते. तिथून जंतू आणि सुजेची द्रव्ये रक्तात जातात. अंगठ्याला एवढी जखम असती तर आपण दहादा दवाखाना गाठला असता. तोंडातली झाकलेली असते म्हणून वर्षानुवर्षे चालते.

पहिली गोष्ट मधुमेहाची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे दिसले, आणि खेडी यातून सुटलेली नाहीत. मधुमेह आणि हिरड्या यांचे भांडण दोन्ही बाजूंनी चालते. रक्तातली साखर वाढली की हिरडीची झुंजण्याची ताकद कमी होते आणि रोग वेगाने वाढतो. उलट हिरडीत कायमची सूज राहिली की इन्सुलिनचे काम मंदावते आणि साखर आटोक्यात येत नाही. उलटसुलट अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब २०२२ साली मांडला गेला. त्यात असे आढळले की मधुमेहीच्या हिरड्यांचा नीट उपचार केला तर तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीएवनसीचा आकडा तीन-चार महिन्यांत साधारण ०.४ ने उतरतो. म्हणजे ८ वरून ७.६ च्या आसपास. हा काही चमत्कार नव्हे, आणि यामुळे गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करायचे नाही. पण जोडीला एक औषध वाढवल्यासारखे बळ मिळते, हे काही थोडे नव्हे.

दुसरी गोष्ट हृदयाची. इथे बोलताना जपून बोलले पाहिजे. हिरड्यांचा आजार असणाऱ्यांत हृदयविकार अधिक आढळतो हे खरे. पण हिरड्यांमुळेच तो होतो असे सिद्ध झालेले नाही, असे अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने २०१२ साली स्पष्ट सांगितले. तंबाखू, मधुमेह, वय ही कारणे दोन्हीकडे सामाईक असतात. एक धोका मात्र पक्का आहे. ज्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे किंवा ज्यांना पूर्वी झडपेला जंतुसंसर्ग होऊन गेला आहे, त्यांच्या झडपेवर तोंडातले जंतू जाऊन बसू शकतात, आणि हा आजार जिवावर बेततो. अशांनी दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला आपल्या हृदयाची हकीकत आधी सांगावी. लहानपणी सांधेवाताचा ताप येऊन झडप खराब झालेली माणसे आपल्या खेड्यांत आहेत. त्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट घरातल्या म्हाताऱ्या माणसांची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या तोंडातली घाण नकळत श्वासावाटे फुफ्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. जपानमधील वृद्धाश्रमांत दोन वर्षे एक पाहणी झाली, ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. जिथे सेवकांनी वृद्धांचे तोंड जेवणानंतर रोज साफ केले तिथे शंभरात अकरा जणांना न्यूमोनिया झाला. जिथे तसे केले नाही तिथे एकोणीस जणांना झाला. आपण आजीला अंघोळ घालतो, वेणी घालतो, पाय चेपतो. तोंड मात्र ‘दात तर नाहीतच’ म्हणून सोडून देतो. दात नसले तरी हिरड्या, जीभ आणि कवळी ओल्या स्वच्छ फडक्याने पुसली पाहिजे. कवळी रात्री काढून ठेवली पाहिजे.

चौथी गोष्ट गरोदर मायबहिणींची. दिवस गेल्यावर शरीरातल्या बदलांमुळे हिरड्या लवकर सुजतात, रक्त येते. ‘पोटुशी बाईनं दाताला हात लावू द्यायचा नसतो’ असे जुन्या बायका सांगतात. हे बरोबर नाही. अमेरिकेत ८२३ गरोदर स्त्रियांवर एक अभ्यास झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या हिरड्यांच्या उपचाराने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे कमी झाली नाहीत, हे त्यात प्रामाणिकपणे नोंदवले आहे. पण उपचाराने आईला किंवा बाळाला अपाय झाला नाही, आणि हिरड्या सुधारल्या, हेही त्यात आहे. तेव्हा गरोदरपणात दंतवैद्याकडे जायला हरकत नाही. दिवस गेले आहेत एवढे मात्र त्यांना सांगावे.

एक जुनी चूक

इतके वाचून एखादा म्हणेल, ‘मग काढून टाकू सगळे दात, ब्याद जाईल!’ असा प्रकार एकदा होऊन गेला आहे. इंग्लंडचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी १९१० साली कॅनडातल्या माँट्रियल येथे भाषण करून तोंडातला पू हा अनेक आजारांचे मूळ आहे असे मांडले. त्यांच्या म्हणण्यात तथ्याचा अंश होता. पण त्यानंतर कित्येक वर्षे सांधेदुखीपासून वेडापर्यंत कशावरही उपाय म्हणून चांगले दात उपटले गेले. आजार तसेच राहिले, माणसे मात्र बोळकी झाली. म्हणून आज आपण धरायची वाट मधली आहे. तोंडाचे आणि अंगाचे नाते मानायचे, पण प्रत्येक दुखण्याचे खापर दातावर फोडायचे नाही.

मशेरी, तंबाखू आणि गुटखा

आता जरा कडू बोलतो. रागावू नका.

आपल्या भागात चुलीवर तंबाखू भाजून केलेली मशेरी सकाळी दाताला लावल्याशिवाय कित्येक माऊल्यांचा दिवस सुरू होत नाही. सासूची पाहून सून लावते, सुनेची पाहून नात. विचारले तर म्हणतात, “दाताची कळ थांबती बगा.” कळ थांबते हे खरे, कारण तंबाखू बधिर करते. रोग तसाच आत चालू राहतो. मशेरी म्हणजे दंतमंजन नव्हे, ती तंबाखूच आहे. दात घासण्याच्या पेस्टमध्ये आणि पावडरीत तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. पण चुलीवरच्या तव्याला कायदा पोचत नाही. तिथे घरच्यांनाच पोचावे लागते.

तंबाखूचा आणखी एक कावा आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रोग असूनही रक्त येत नाही. शेतात पाणी मुरून मुळ्या कुजतात आणि वरची पाने चार दिवस हिरवीच दिसतात, त्यातला हा प्रकार. ‘आमच्या हिरड्यांतून रक्त येत नाही’ म्हणणाऱ्या विडीकरांनी निश्चिंत राहू नये.

आणि कर्करोग. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही ठेवली जात आहे; देशातली ही अशी पहिली ग्रामीण नोंदवही. आपल्यासारख्याच शेतकरी कुटुंबांची दुखणी तिच्यात नोंदली गेली आहेत. तंबाखू आणि सुपारी ही दोन्ही तोंडाच्या कर्करोगाची सिद्ध झालेली कारणे आहेत. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या मिळतातच हे आपण सगळे पाहतो. तोंडातली पांढरी किंवा लाल चट्टी, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, तोंड उघडायला होणारा त्रास, ही लक्षणे दिसली की ‘हंगाम उरकल्यावर बघू’ म्हणू नये.

इथे आपल्या ऊसतोडणी कामगारांची आठवण ठेवली पाहिजे. पहाटेच्या अंधारात कोपीतून निघून थंडीत मोळ्या बांधणारी ही माणसे तंबाखूच्या चिमटीवर भूक आणि झोप मारतात. आपला ऊस त्यांच्या हातून कारखान्यावर येतो. टोळी फडात आली की चहा देतो, तसे चार शब्दही सांगावेत.

आणि आपली साखर?

साखर कारखान्याच्या पत्रिकेत दातांवर लेख म्हटल्यावर काही सभासद गालात हसले असतील. ‘आपलेच दात, आपलेच ओठ’ असा हा मामला आहे. तरीही खरे सांगितलेच पाहिजे.

दात किडतात ते साखरेमुळे. तोंडातले काही जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि आम्लाने दाताचे कवच विरघळते. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. मतिमंद रुग्णांना त्यांची संमती न घेता मुद्दाम गोड खाऊ घालून ते केले गेले, ही त्यातली लाज वाटावी अशी बाजू आहे. पण त्यांतून निघालेला धडा जगाने घेतला. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेपेक्षा मधल्या वेळी पुन्हा पुन्हा खाल्लेले चिकट गोड दातांचे कितीतरी जास्त नुकसान करते.

हिरड्यांचे मूळ दुखणे साखर नसून साचलेला थर आहे. पण मधुमेहाच्या वाटेने साखर तिथेही येतेच. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला असा की रोजच्या एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून कमी वाटा वरून घातलेल्या साखरेचा असावा, आणि पाच टक्क्यांपर्यंत आणता आला तर उत्तम. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे सहा चहाचे चमचे. गूळ, काकवी आणि उसाचा रस हेही यातच धरायचे. ‘गूळ चालतो’ ही आपली समजूत दातांना मान्य नाही.

ऊस चघळल्याने दात साफ होतात असेही आपण म्हणतो. चोथ्याने दाताचा वरचा भाग घासला जातो, पण रोग जिथे सुरू होतो त्या हिरडीच्या कडेला चोथा पोचत नाही, रस मात्र पोचतो. म्हणून उसाचे दोन कांडे खा, जरूर खा, आणि नंतर खळखळून चूळ भरा.

आपला धंदा साखरेचा आहे म्हणून आपल्या नातवंडांचे दात त्यात गहाण टाकायला आपण बांधलेले नाही. आपल्या उसातून वीज होते, इथेनॉल होते. साखर सणाला गोड लागावी, ती दवाखान्यात आठवू नये.

काय करावे?

१. दिवसातून दोनदा दात घासावेत, आणि त्यातली एक वेळ रात्री झोपण्यापूर्वीची असावी. रात्री लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळे रान मिळते.

२. ब्रश मऊ असावा. राखुंडी, विटेची भुकटी, कोळसा यांनी दाताचे कवच झिजते. बाभळीची किंवा कडुलिंबाची काडी वापरणाऱ्यांनी ती चांगली चावून मऊ कुंचला करावा आणि हिरडी न ओरबाडता वापरावी.

३. जोर लावू नये. हिरडी आणि दात मिळतात त्या कडेवर ब्रश तिरका धरून हळू फिरवावा. दोन मिनिटे पुरतात. फ्लोराइड असलेली पेस्ट वापरावी. लहान मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांवरच्यांना वाटाण्याएवढी.

४. हिरडीतून रक्त आले म्हणून घासणे थांबवू नये. रक्त येते ती जागा घाण साचल्याची खूण आहे. चांगले घासूनही आठ-दहा दिवसांत थांबले नाही तर दाखवावे.

५. दोन दातांच्या फटीत काडी, पिन किंवा सुई घालू नये. त्यासाठी दोरा किंवा बारीक ब्रश मिळतो.

६. वर्षातून एकदा दंतवैद्याकडे जावे. मधुमेही, तंबाखू खाणारे आणि घराण्यात दात लवकर गेलेले यांनी सहा महिन्यांनी जावे. अनेक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतचिकित्सक असतात, आधी चौकशी करून जावे.

७. हलणारा दात हाताने किंवा दोऱ्याने उपटू नये. मधुमेह्याने तर मुळीच नाही. वेळेत गेले तर हलणारा दातही पुष्कळदा वाचतो.

शेवटी आबांविषयी

सभेनंतर महिन्याभराने आबांचा मुलगा त्यांना तालुक्याला दंतवैद्याकडे घेऊन गेला. उरलेल्या सहा दातांची सफाई झाली. दोन दात ठेवण्यासारखे नव्हते, ते रीतसर काढले. चार राहिले. पुढे कवळी बसवायची आहे. पायाची जखम भरली, रक्तातली साखरही थोडी खाली आली. पण त्याच सुमारास डॉक्टरांनी गोळ्याही बदलल्या होत्या, तेव्हा श्रेय कोणाचे किती हे कोणी सांगू शकत नाही, आणि आम्हीही सांगणार नाही.

परवा गट कार्यालयात भेटले. आम्ही विचारले, “आबा, कसं काय?” तर म्हणाले, “बरं हाय. पर तीस वर्सांमागं कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आता नातवाला मी स्वतः रात्री ब्रश करायला बसवतो. सूनबाईची मशेरी बी बंद केली. म्हातारीची अजून सुटंना.”

तीस वर्षांमागे कुणी सांगितले असते तर! हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. खतांचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या, बेण्याची निवड, हे सगळे आपण या पत्रिकेतून वर्षानुवर्षे सांगत आलो. उसाच्या बुडख्याची काळजी सांगितली, माणसाच्या दाताच्या बुडख्याची सांगितली नाही. ती चूक आम्ही आज थोडी भरून काढत आहोत.

आमची संचालक मंडळाला एक नम्र सूचना आहे. येत्या हंगामात प्रत्येक गट कार्यालयावर आणि तोडणी कामगारांच्या तळावर दात-हिरड्यांची एकेक तपासणी व्हावी, आणि तिथेच रक्तातली साखरही पाहावी. सभासदांनी हा विषय पुढच्या सभेत मांडावा. मागणी खालून आली म्हणजे वर ती टिकते, हा सहकाराचा अनुभव आहे.

लागण तुटली की खोडवा येतो, खोडव्यानंतर निडवाही घेता येतो. माणसाच्या तोंडात मात्र दुधाचे दात ही लागण आणि नंतरचे दात हा एकच खोडवा. त्यापुढे निडवा नाही. तेव्हा आहे तो खोडवा जपा. आज रात्री झोपण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी एकदा आरशासमोर उभे राहून आपल्या हिरड्या पाहा. लाल दिसल्या, रक्त आले, तर हंगाम संपायची वाट पाहू नका.